टंचाईचे गणित

1941 साली अटलांटिक महासागरावर गस्त घालणारी ब्रिटिश विमाने जर्मन पाणबुड्यांवर जे डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे सुरुंग, टाकीत, ते पाण्यात सुमारे 100 फूट खोल गेल्यावर फुटावेत अशी त्यांची कळ लावलेली असे. आणि या 100 फुटांमागे काही विचार नव्हता असे मुळीच नाही. विमान दृष्टीस पडताच पाणबुडी बुडी मारते, विमान डोक्यावर येईपर्यंत तिला सरासरीने दोनएक मिनिटांचा अवकाश मिळतो, तेवढ्या अवधीत ती 100 फूट खाली जाते, सबब सुरुंगही 100 फुटांवरच फुटला पाहिजे, अशी ती वरकरणी बिनतोड तर्कपरंपरा होती. विमानदलाच्या दिमतीस दिलेल्या शास्त्रज्ञांपैकी ई. जे. विल्यम्स या पदार्थवैज्ञानिकाने झालेल्या हल्ल्यांचे दप्तर काढून चाळले, तेव्हा त्याच्या ध्यानात आले ते असे, की जिला दोन मिनिटे मिळाली ती पाणबुडी दिसेनाशी झालेली असते, आणि ती पाण्यात नेमकी कोठे आहे हेच वैमानिकाला ठाऊक नसल्यामुळे खोली अचूक असूनही सुरुंग वाया जातो. उलट जी पृष्ठभागावरच सापडली, जिचे ठिकाण डोळ्यांना दिसते, तिच्या बाबतीत तो तिच्या कितीतरी खाली फुटतो. सरासरी पाणबुडीसाठी योजलेली ती खोली प्रत्यक्षातल्या एकाही पाणबुडीच्या कामाची नव्हती. कळ 25 फुटांवर आणावी अशी शिफारस झाली, आणि ती अमलात आल्यावर बुडणाऱ्या पाणबुड्यांचे प्रमाण इतके वाढले, की पकडल्या गेलेल्या जर्मन खलाशांची समजूत इंग्रजांनी कोणते तरी नवे, अधिक जालीम स्फोटक शोधून काढले आहे अशी झाली होती, असे सांगतात.

नवे काहीच नव्हते. विमाने तीच, दारू तीच, माणसे तीच. हाती असलेल्या साधनांकडून अधिक काम करून घेण्याच्या या विद्येला ‘ऑपरेशनल रिसर्च’ हे नाव त्याआधी दोनतीन वर्षे, सफोक परगण्यातील बॉडसी येथे रडारचे प्रयोग चालू असताना, ए. पी. रो या अधिकाऱ्याने दिले होते. ‘ऑपरेशन’ म्हणजे लष्करी मोहीम. शस्त्रक्रियेशी किंवा यंत्र चालवण्याशी त्या शब्दाचा येथे संबंध नाही. या विद्येचे ब्रिटनमधील अध्वर्यू पॅट्रिक ब्लॅकेट हे पुढे, 1948 साली, पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले, आणि स्वतंत्र भारताच्या संरक्षणविषयक संशोधनाची घडी बसवताना पंडित नेहरूंनी ज्यांचा सल्ला घेतला त्यांतही ते होते.

युद्ध संपल्यावर या विद्येची जी शाखा सर्वांत फोफावली ती ‘लिनिअर प्रोग्रॅमिंग’. हा ‘प्रोग्रॅम’ म्हणजे आज घरोघरच्या संगणकात असतो तो नव्हे. किती शिपायांना केव्हा शिक्षण द्यावयाचे, रसद कोठून कोठे हलवावयाची, याची जी आगाऊ तजवीज अमेरिकन लष्करात करीत, तिला तेथील कचेऱ्यांत प्रोग्रॅम म्हणत; आणि पेंटागॉनमध्ये हवाईदलासाठी याच तजविजीचे गणित बसवीत असता जॉर्ज डँट्झिग यांनी 1947 साली आपली सुप्रसिद्ध ‘सिंप्लेक्स’ रीत सिद्ध केली. ‘लिनिअर’ म्हणजे एकघाती, सरळ रेषेचे: एका एकराला जितके पाणी लागते त्याच्या दुप्पट दोन एकरांना लागते, एवढाच त्याचा अर्थ.

एकरांचा विषय निघालाच आहे, तर एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका शेतकऱ्याजवळ 10 एकर जमीन आहे, आणि त्याच्या विहिरीला रब्बीच्या हंगामात 84 पाळ्या पुरतील एवढे पाणी आहे. एक एकर एकदा भिजवणे ही एक पाळी. कांद्याला एकरी 12 पाळ्या लागतात आणि निव्वळ नफा 32,000 रुपये सुटतो. गव्हाला 6 पाळ्या लागतात आणि 20,000 रुपये सुटतात. (कांद्याचा भाव लागणीच्या वेळीच ज्याला ठाऊक आहे अशा भाग्यवंताला गणित कशाला हवे, असे कोणी विचारील, तर ते रास्तच आहे, परंतु उदाहरणापुरते तेवढे भाग्य आपण त्याला देऊ.) कांदा एकरी अधिक पैसा देतो म्हणून सगळा कांदाच करावा, तर पाणी 7 एकरांतच संपते, 3 एकर पडीक राहते आणि हाती 2,24,000 रुपये येतात. गव्हाला पाणी थोडे लागते म्हणून सगळा गहूच करावा, तर जमीन पुरती कामी येते, पण 24 पाळ्यांचे पाणी विहिरीतच राहते आणि मिळकत 2,00,000 वर थांबते. 4 एकर कांदा आणि 6 एकर गहू केला, की जमीनही संपते, पाणीही संपते, आणि नफा 2,48,000 होतो. याहून अधिक कोणत्याही वाटणीने होत नाही.

येथवरचे काम एखादा हुशार शेतकरी कागदाशिवायही करील. या गणिताची खरी करामत त्याच्या पोटात दडलेल्या दुसऱ्या उत्तरात आहे. आणखी 6 पाळ्यांचे पाणी मिळाले असते तर? मग 5 एकर कांदा आणि 5 एकर गहू झाला असता आणि नफा 12,000 रुपयांनी वाढला असता. म्हणजे या शेतकऱ्याच्या दृष्टीने एका पाळीची किंमत 2,000 रुपये. त्याचप्रमाणे आणखी एक एकर मिळाला असता तर नफा 8,000 रुपयांनी वाढला असता, आणि गंमत अशी की त्यासाठी त्याला कांदा वाढवावा नव्हे, तर 4 एकरांवरून 3 एकरांवर आणावा लागला असता. या किमती कोणत्याही बाजारात लिहिलेल्या नाहीत. म्हणून त्यांना छाया-किमती म्हणतात. शेजारी आपल्या विहिरीचे पाणी 1,500 रुपये पाळीने देऊ लागला तर ते घ्यावे, 2,500 मागू लागला तर नमस्कार करावा. आणि कोणी हरभरा सुचवला, की त्याला 3 पाळ्याच लागतात आणि 13,000 रुपये सुटतात, तर सारे गणित नव्याने मांडण्याचे कारण नाही: हरभऱ्याचा एक एकर 8,000 रुपयांची जमीन आणि 6,000 रुपयांचे पाणी अडवतो, म्हणजे 14,000 रुपयांचा ऐवज खर्ची घालून 13,000 देतो. त्याला रजा द्यावी. ज्याची टंचाई नाही त्याची छाया-किंमत शून्य. गावात मजूर हवे तितके मिळत असतील तर आणखी एक मजूर मिळाल्याने या शेतकऱ्याचे एका पैशानेही भले होत नाही. प्रत्येक वस्तूला तिच्या गुणावरून नव्हे तर तिच्या अडचणीवरून भाव देणारा हा हिशेब मला तरी अर्थशास्त्रातील पुष्कळ मोठ्या ग्रंथांहून अधिक बोधप्रद वाटत आला आहे.

पिके दोन होती म्हणून हे सारे कागदावर एका चौकोनी आकृतीत मावले, आणि उत्तर त्या आकृतीच्या एका कोपऱ्यात सापडले. उत्तर नेहमी कोपऱ्यातच सापडते, हा या शास्त्राचा मूलमंत्र; परंतु पिके, कारखाने, आगगाड्या यांची संख्या वाढली की कोपऱ्यांची संख्या कल्पनेबाहेर जाते. 70 माणसांना 70 कामे वाटावयाची तर ती वाटणी जितक्या प्रकारे होऊ शकते तो आकडा 1 वर 100 शून्यांपेक्षाही मोठा आहे, हे डँट्झिग यांचे आवडते उदाहरण होते. त्यांची रीत सगळे कोपरे तपासत बसत नाही. एका कोपऱ्यावर उभे राहून छाया-किमतींच्या आधारे विचारते, की येथून कोणत्या कडेने गेले असता चढ आहे, आणि त्या कडेने पुढच्या कोपऱ्यावर जाते. जेथून कोणतीच कड वर जात नाही तेथे थांबते.

डँट्झिग यांच्याही आठ वर्षे आधी हे सारे लेनिनग्राडमध्ये एका तरुणाला गवसले होते, ही गोष्ट पश्चिमेकडे फार उशिरा कळली. प्लायवुडच्या एका सरकारी संस्थेने लिओनिद कांतोरोविच या गणिताच्या प्राध्यापकाला विचारले, की ओंडके सोलणारी 8 यंत्रे आहेत, लाकडाच्या 5 जाती आहेत, प्रत्येक यंत्राचा प्रत्येक जातीवरचा वेग निराळा आहे. तर कोणते लाकूड कोणत्या यंत्राला द्यावे? 1939 साली त्याने उत्तर छापले, आणि त्यातले ‘निर्णायक गुणक’ म्हणजेच आपल्या छाया-किमती होत. प्लायवुडपुरते ते ठीक होते. परंतु तीच रीत साऱ्या राष्ट्राच्या नियोजनाला लावावी असे त्याने सुचवले, तेव्हा मामला निराळा झाला. कारण वस्तूचे मूल्य तिच्यात खर्ची पडलेल्या श्रमावरून ठरते, असे जेथे अधिकृत शास्त्र, तेथे जमिनीला आणि यंत्रालाही टंचाईमुळे मूल्य येते असे गणिताने सिद्ध करणे धोक्याचे होते. 1942 साली लिहून झालेले त्याचे पुस्तक 1959 साली प्रसिद्ध झाले. उत्तर बरोबर असून प्रश्नच विचारण्याची मुभा नव्हती. 1975 सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक कांतोरोविच आणि च्यालिंग कूपमन्स यांना याच विषयासाठी मिळाले; डँट्झिग यांचे नाव त्यात नव्हते, आणि त्याची रुखरुख स्वतः कूपमन्स यांनाच सर्वांत अधिक लागली.

हिशेबाची बाजू मात्र दिवसेंदिवस सोपी होत गेली. कोपऱ्याकोपऱ्यांनी जाणारी रीत काही मुद्दाम रचलेल्या आकृत्यांत एकेक करीत सगळेच कोपरे फिरते, हे क्ली आणि मिंटी या गणितज्ञांनी 1972 साली दाखवले. 1979 साली रशियाच्या खाचियान यांनी तसे न होणारी रीत शोधली, पण ती व्यवहारात मंद निघाली. 1984 साली ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले, मुंबईच्या आयआयटीत शिकलेले आणि अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत काम करणारे नरेंद्र करमरकर यांनी कडा-कोपऱ्यांचा नादच सोडून आकृतीच्या आतून वाट काढली: प्रत्येक पावलाला सारे अवकाश असे ताणून घ्यावयाचे की आपण उभे आहोत तो बिंदू मध्यभागी यावा, आणि मग मोठी ढांग टाकावी. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती बातमी पहिल्या पानावर छापली. गणितातल्या एखाद्या रीतीचा असा मान क्वचितच होतो.

आता या गणिताच्या वाट्याला आलेला एक जुना प्रश्न, आहाराचा. माणसाला वर्षभर जगण्यास लागणारी नऊ पोषकद्रव्ये कमीत कमी खर्चात कशी मिळतील, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी 1945 साली 77 खाद्यपदार्थांची यादी करून अदमासाने काढले: 1939 च्या भावाने वर्षाला 39 डॉलर 93 सेंट, आणि खाणे काय, तर गव्हाचे पीठ, डब्यातले आटवलेले दूध, कोबी, पालक आणि वाळलेला घेवडा. 1947 साली सिंप्लेक्स रीतीची पहिली मोठी परीक्षा याच प्रश्नावर झाली. हाताने चालवावयाच्या गणनयंत्रांवर कारकुनांचे सुमारे 120 मनुष्यदिवस खर्ची पडले आणि उत्तर आले 39 डॉलर 69 सेंट. स्टिग्लर यांचा अदमास अवघ्या 24 सेंटांनी चुकला होता. खर्च किमान झाला खरा. पण ते जेवण वर्षभर कोण जेवणार, हा प्रश्न यादीत नव्हता.

पुढे काही वर्षांनी, डॉक्टरांनी वजन उतरवण्यास सांगितले तेव्हा, डँट्झिग यांनी स्वतःचाच आहार संगणकाकडून ठरवून घेण्याचे मनावर घेतले. पोट भरल्यासारखे वाटावे म्हणून अन्नाच्या वजनातून पाण्याचे वजन वजा करून उरेल ते जास्तीत जास्त असावे, असे उद्दिष्ट त्यांनी घातले, आणि यंत्राने इतर जिन्नसांबरोबर रोज 500 गॅलन व्हिनेगर पिण्यास सांगितले. कोष्टकात व्हिनेगर हे आम्ल म्हणून नोंदले होते आणि त्यातले पाणी शून्य धरले होते. व्हिनेगर काढून टाकले, तेव्हा दिवसाला 200 बुयाँच्या वड्या आल्या, म्हणजे मांसाच्या सारासाठी मिळतात त्या खारट वड्या, कारण मिठाला वरची मर्यादा घालावी असे कोणाला सुचलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तीनचार वड्या एका पेल्यात विरघळवून पाहिल्या आणि पहिल्याच घोटाला थुंकून टाकल्या. वड्यांना मर्यादा घातली, तर दोन पौंड कोंडा आला. कोंड्याला घातली, तर दोन पौंड काकवी. दरम्यान त्यांच्या पत्नी अ‍ॅन यांनी हे सर्व छापील कागद शांतपणे वाचले होते, आणि अखेरीस त्यांनी यंत्राला बाजूला सारून आपल्या मनाने जेवण ठरवले. डँट्झिग यांचे वजन त्या जेवणाने 22 पौंडांनी उतरले.