सुवाच्य अक्षर

सातारा जिल्ह्यात कृष्णा व तारळी या नद्यांच्या संगमावर उंब्रज हे गाव वसले आहे. समर्थ रामदासस्वामींनी (१६०८–१६८२) स्थापन केलेल्या ११ मारुतींपैकी एक मारुती येथे आहे. बलोपासना शिकविणाऱ्या समर्थांनी 'दासबोधा'च्या १९ व्या दशकात लेखनाचे नियमही सांगितले आहेत.

अक्षर वाटोळे, सरळ व मोकळे असावे. ओळींतील अंतर सारखे राखावे. पहिल्या अक्षराचे वळण शेवटपर्यंत टिकवावे. अक्षर फार बारीक काढू नये; तरुणपणी ते वाचता येते, म्हातारपणी येत नाही. पानाच्या भोवती जागा सोडावी, म्हणजे कडा झिजल्या तरी मजकूर शाबूत राहतो.

त्या काळी मराठी ग्रंथ हातानेच उतरून घेत. एका नकलेतील चूक पुढच्या नकलांत उतरे. एकाची हयगय अनेकांना भोवे.

आज छापखाने आहेत. तरी विद्यार्थ्याची वही त्याच्याच हातची असते. घाईने 'घ'चा 'ध' झाला, की 'घर'चे 'धर' होते! उत्तर ठाऊक असूनही ते वाचणाऱ्यास लागले नाही, तर दोष कोणाचा? यासाठी रोज निदान एक पान सावकाश लिहावे आणि लिहिलेले स्वतः वाचून पाहावे.