हेरिटेजचा दर्जा आणि दुरुस्तीचा खर्च

मुंबईतली एखादी देखणी जुनी इमारत पाहून ‘हेरिटेज आहे’ असं आपण सहज म्हणतो. तो दर्जा दिला कुणी, आणि तो मिळाल्यावर मालकाला रस्त्याकडचा सज्जा बदलायचा असेल तर विचारायचं कुणाला, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असतं.

गडकिल्ले आणि लेणी पुरातत्त्व खातं सांभाळतं. माणसं राहतात, दुकानं चालतात अशा इमारतींना वाली नव्हता. १९९५ मध्ये मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतला ६७ क्रमांकाचा नियम लागू झाला. शहरातल्या वारशाला असं संरक्षण देणारा हा देशातला पहिला नियम. त्यानुसार इमारतींच्या तीन श्रेणी झाल्या. पहिल्या श्रेणीत आतबाहेर कुठेच हात लावता येत नाही. अगदी आवश्यक असेल तेवढीच दुरुस्ती. दुसरीत आतले बदल चालतात, बाहेरचं रूप जपावं लागतं. तिसरीत बरीच मोकळीक असते. महापालिका आयुक्त परवानगी देतात ती वारसा जतन समितीचा सल्ला घेऊन.

या नियमाखालच्या वारसा यादीत सुट्या इमारतींप्रमाणे अख्खे परिसरही आहेत. गिरगावची खोताची वाडी घ्या. तिथलं एकेक लाकडी घर वेगळं काढलं तर कदाचित श्रेणीत बसणार नाही, पण गल्ली, ओसऱ्या आणि जिने मिळून जे उभं राहतं ते मुंबईत दुसरीकडे सापडणार नाही.

मग अडतं कुठे? काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन पाहा. हे पूर्वीचं वॉटसन्स हॉटेल. इंग्लंडहून आणलेल्या बिडाच्या सांगाड्यावर ते १८६०च्या दशकात उभं राहिलं. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे चित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवले गेले ते इथेच. इमारत यादीत आली, तरी भाडी गोठलेली आणि दुरुस्ती थकलेलीच राहिली. अखेर २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली आणि पाडायची की वाचवायची हा वाद उच्च न्यायालयात गेला.

२०१२ मध्ये महापालिकेने नव्या यादीत शिवाजी पार्क परिसर घालायचं ठरवलं, तेव्हा अनेक रहिवाशांनी विरोध केला. पुनर्विकास रखडेल ही त्यांची भीती होती. त्यांना वारशाची किंमत कळत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. गळक्या छताखाली राहणाऱ्याला पुनर्विकास हाच एक मार्ग दिसत असतो.

नियमात यावर एक उपाय आहे. श्रेणीमुळे वापरता न येणारं चटईक्षेत्र मालकाला टीडीआर म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क म्हणून विकता येतं. पण तो मालकाचा मोबदला झाला. पागडीवर राहणाऱ्या भाडेकरूचं छत त्याने आपोआप दुरुस्त होत नाही. तेव्हा महापालिकेने कोणताही नवा परिसर यादीत घालताना तिथल्या दुरुस्तीचा खर्च कोण आणि कसा करणार, हे त्याच प्रस्तावात लिहावं. रहिवाशांनीही हरकतींच्या सुनावणीत पहिल्यांदा हाच प्रश्न विचारावा.