जीभ, खाच आणि अर्धा मिलिमीटर

जयपूरच्या जोहरी बाजारात संध्याकाळच्या सुमाराला दुकानांच्या पायऱ्यांवर, गल्ल्यांच्या तोंडाशी माणसं घोळक्यानं उभी दिसतात. यातले बरेचसे रत्नांचे दलाल. शर्टाच्या आतल्या खिशातून कागदाची एक चपटी पुडी निघते, तीन-चार घड्या उलगडतात आणि आत पाचूचे खडे दिसतात. समोरचा चिमट्यानं एक खडा उचलतो, उजेडात धरून पाहतो, भाव विचारतो. सौदा जमला नाही की पुडी मिटते आणि पुन्हा खिशात जाते. लाखोंचा माल घेऊन फिरणाऱ्या या पुडीला टेप नसते, डिंक नसतो, टाचणीसुद्धा नसते.

पुडीची घडण साधी आहे. बाहेर जाडसर कागद, आत गुळगुळीत, पातळ कागदाचं अस्तर. डावी-उजवी बाजू आत वळवायची, खालची बाजू वर घ्यायची, वरची त्यावर आणायची आणि प्रत्येक घडीवरून नख फिरवायचं. वरच्या पानावर वजन आणि नगांची संख्या लिहिलेली. खडे मधल्या कप्प्यात अडकतात आणि कागदाचा ताठपणाच घडी मिटलेली ठेवतो. एकच पुडी दिवसभरात दहा जणांपुढे उघडावी लागते, तेव्हा चिकटवलेल्या पाकिटाचा इथं काय उपयोग?

सवाई जयसिंहांनी 1727 मध्ये वसवलेल्या या शहरातून बाहेर जाणारा बाकीचा माल मात्र पुडीत मावणारा नाही. चांदीचे दागिने, लाखेच्या बांगड्या, ठशांनी छापलेलं कापड, रजया, ब्लू पॉटरीच्या बरण्या. यातलं बरंच काही आता थेट गिऱ्हाइकाच्या दारात जातं. घरी आलेलं खोकं हातानं उघडलं जातं, आवडलं नाही तर त्याच खोक्यातून माल परत पाठवला जातो. म्हणून पुडीचंच काम पुठ्ठ्याकडून करून घ्यावं लागतं. खोकं स्वतःच्या अंगानं बंद व्हायला हवं, प्रवासात टिकायला हवं आणि उघडताना फाटायला नको.

या कामासाठी सर्वांत जास्त वापरलं जाणारं खोकं म्हणजे झाकणासकट एकाच तुकड्यातून घडवलेला ‘मेलर बॉक्स’. तो कारखान्यातून सपाट येतो आणि टेबलावर पसरला तर मोठ्या, विचित्र आकाराच्या फुलपाखरासारखा दिसतो. बांधताना आधी पुढची आणि मागची भिंत उभी करायची. त्यांच्या टोकांना असलेले लहान फ्लॅप काटकोनात आत वळवायचे. मग बाजूची भिंत उभी करून तिचा जादा भाग त्या फ्लॅपवरून आत उलटवायचा आणि खाली दाबायचा. त्या भागाच्या कडेला दोन लहान जिभा असतात. तळाला तेवढ्याच दोन खाचा. जीभ खाचेत शिरताना ‘टक्’ असा आवाज येतो आणि कोपऱ्यातले दोन्ही फ्लॅप भिंतीच्या दोन पदरांमध्ये कैद होतात. दुसऱ्या बाजूला हेच करायचं. शेवटी झाकणाची पुढची पट्टी आत सरकवायची आणि झाकणाचे दोन कान बाजूच्या फटींत खुपसायचे. हात बसला की या सगळ्याला चहाचा घोट घेण्याइतकाच वेळ लागतो.

जगभरच्या पुठ्ठेवाल्यांसाठी या खोक्याचं नाव आहे 0427. युरोपातल्या कोरुगेटेड म्हणजे नालीदार पुठ्ठ्याच्या उत्पादकांच्या ‘फेफ्को’ या संघटनेनं खोक्यांच्या आकारांची अंकी सूची तयार केली. पहिले दोन आकडे खोक्याची जात सांगतात, पुढचे दोन त्यातला प्रकार. नेहमीचं, वर-खाली चार-चार झापांचं, टेप मारून बंद करायचं खोकं म्हणजे 0201. एकाच तुकड्यातून दुमडून केलेली खोकी 04 नं सुरू होतात, पिझ्झाचा बॉक्सही त्याच घराण्यातला. जयपूरच्या निर्यातदारानं नुसता आकडा आणि आतली लांबी, रुंदी, उंची कळवली की दुसऱ्या देशातल्या खरेदीदाराला काय येणार आहे ते समजतं.

लॉकचे प्रकार अनेक आहेत. औषधाच्या किंवा टूथपेस्टच्या बॉक्सचं झाकण आत सरकवल्यावर सहजी बाहेर येत नाही, कारण झाकणाच्या दुमडीच्या दोन्ही टोकांना बारीक काप दिलेला असतो आणि बाजूच्या फ्लॅपचा खांदा त्यात अडकतो. जड वस्तूंसाठी तळाला ‘स्नॅप लॉक’ करतात. एक मोठा, खाचेचा झाप आधी, त्यावर बाजूचे दोन आणि शेवटच्या झापाची जीभ त्या खाचेत. आतल्या वजनानं झाप खाली दाबले जातात आणि जीभ घट्ट बसते. वजन फार झालं तर मात्र तळ पोट काढतो. आणखी एक प्रकार आहे ‘क्रॅश लॉक’. खोकं उघडताच त्याचा तळ आपोआप बसतो, पण त्यासाठी कारखान्यात तळाचे झाप दोन ठिकाणी आधीच डिंकानं जोडलेले असतात. डिंकाला पूर्ण फाटा द्यायचा असेल तर हा प्रकार चालत नाही.

पुठ्ठ्याचा इतिहास पाहिला तर त्याची सुरुवात डोक्यावरच्या टोपीपासून झाली. नालीदार कागदाचं पेटंट इंग्लंडमध्ये 1856 साली घेतलं गेलं ते उंच हॅटच्या अस्तरासाठी. काचेच्या बाटल्या आणि दिव्यांच्या चिमण्या गुंडाळायला हाच कागद चांगला, हे 1871 मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स यांनी ओळखलं. कापलेल्या, दुमडलेल्या खोक्याची वाट मात्र एका चुकीतून निघाली. ब्रुकलिनमधले छापखानेवाले रॉबर्ट गेअर बियाण्यांच्या कागदी पिशव्या छापत. 1879 मध्ये पिशवीवर घडीची रेघ पाडणारी धातूची पट्टी सरकून वर आली आणि तिनं पिशव्या कापून टाकल्या. गेअर यांच्या लक्षात आलं की एक पट्टी उंच आणि एक बुटकी ठेवली तर कापणं आणि घडी पाडणं एकाच दाबात होईल. आजची प्रत्येक डाय याच तत्त्वावर चालते.

डाय म्हणजे साधारण 18 मिलिमीटर जाडीचं प्लायवूड. लेसरनं त्यात बारीक चिरा पाडतात आणि चिरांत पोलादी पट्ट्या ठोकून बसवतात. कापणारी पट्टी 23.8 मिलिमीटर उंच आणि धारदार. घडीची पट्टी थोडी बुटकी, माथा गोल. धारेच्या दोन्ही बाजूंना रबराच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, कापून झाल्यावर पुठ्ठा उसळून मोकळा व्हावा म्हणून. लहान कारखान्यांत ही डाय हातानं कागद घालायच्या पंचिंग मशीनवर चढते. यंत्राचा जबडा मिटतो, उघडतो, कामगार कापलेली शीट काढून दुसरी घालतो. मोठ्या कारखान्यांत हेच काम आपोआप चालतं.

डिझायनरची खरी कसोटी डाय बनण्याआधीच लागते. पुठ्ठ्याला जाडी असते, ही गोष्ट कागदावर खोकं काढताना हटकून विसरली जाते. बी फ्लूटचा (फ्लूट म्हणजे पुठ्ठ्याच्या आतली नालीदार लाट) तीन पदरी पुठ्ठा सुमारे 3 मिलिमीटर जाड. 0427 च्या बाजूच्या भिंतीत बाहेरचा पदर, मधला फ्लॅप आणि आत उलटवलेला पदर, म्हणजे एका बाजूला 9 मिलिमीटर आणि दोन्ही बाजूंना मिळून 18 मिलिमीटर जागा भिंतीच खातात. बांगड्यांचा डबा आत बरोबर बसेल असं गृहीत धरून बाहेरचं माप दिलं तर डबा आत जातच नाही. सुमारे दीड मिलिमीटरचा ई फ्लूट घेतला की हेच नुकसान निम्म्यावर येतं. भिंत उलटते तिथं एक दुमड पुरत नाही. दोन समांतर दुमडी लागतात आणि मधल्या पट्टीत फ्लॅपची जाडी मावावी लागते. ती पट्टी अर्धा मिलिमीटर अरुंद झाली की जीभ खाचेपर्यंत पोहोचत नाही. खाच अर्धा मिलिमीटर रुंद झाली की जीभ बसते आणि ट्रकच्या हादऱ्यांनी निघूनही येते.

शिवाय पुठ्ठ्याच्या आतल्या लाटांना दिशा असते. लाटांना आडवी दुमड सरळ पडते. लाटांच्या समांतर दुमड घातली तर ती जवळच्या दरीत घसरते आणि भिंत वाकडी उभी राहते. जिभेच्या लांबीच्या दिशेनं लाटा गेल्या तर ती ताठ राहून खाचेत शिरते, आडव्या गेल्या तर टोकाला चेपते. एकाच तुकड्यात प्रत्येक दुमडीला, प्रत्येक जिभेला हवी ती दिशा मिळणं शक्य नसतं. कुठे तडजोड करायची हे ठरवण्यातच डिझायनरचं कसब दिसतं.

जयपूरची हवा यात भर घालते. मे महिन्यात पुठ्ठा इतका सुकतो की दुमडीवर बाहेरचा कागद तडकतो. तोच माल कनकपुरा इथल्या कंटेनर डेपोतून निघून समुद्रमार्गाला लागला की दमट हवेशी गाठ पडते. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांवरून 90 टक्क्यांवर गेली तर खोक्याची दाब सोसण्याची ताकद साधारण निम्म्यावर येते. घर्षणावर उभी असलेली जीभ मऊ पडते. म्हणून परदेशी जाणारं लॉकवालं खोकं बहुधा एका मोठ्या, टेप मारलेल्या खोक्याच्या पोटात प्रवास करतं. ब्लू पॉटरीला तर याची जास्तच गरज. क्वार्ट्झची पूड, काच आणि मुलतानी मातीचं हे भांडं ठिसूळ असतं. ते घडवताना मिश्रणात डिंक घालतात, खोकं मात्र बिनडिंकाचं.

शहराच्या दक्षिणेला सांगानेर. विमानतळ आणि ठशांचं कापड यांच्याइतकीच इथल्या हातकागदाची ओळख आहे. कागजी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आली. होजिअरीच्या कारखान्यांतल्या सुती कातरणीचा लगदा करतात, पाण्यातून चाळणीवर उचलतात, दाबतात आणि वाळवतात. कुमारप्पा राष्ट्रीय हातकागद संस्थाही इथेच आहे. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांचं नाव तिला दिलेलं आहे. गिरणीच्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेला झोपलेले असतात. चाळणीवर उचललेल्या कागदात ते चहूकडे पसरतात, त्यामुळे तो उभा-आडवा जवळजवळ सारखाच दुमडतो. सांगानेरच्या भेटवस्तूंच्या डब्यांना त्याचा फायदा होतो. मात्र सुती कागद मऊ आणि चिवट असल्यामुळे त्याची बारीक जीभ खाचेत चटकन शिरत नाही. तिथे रुंद जीभ आणि लांब खाच लागते.

टेप-डिंकाविना बंद होणारं सर्वांत परिचित खोकं कुणाच्या लक्षातही येत नाही. मिठाईचा बॉक्स. तीजेच्या आणि राखीच्या दिवसांत जयपूरच्या हलवायांकडे घेवर घ्यायला रांग लागते. त्याआधीच्या निवांत दुपारी दुकानातली पोरं सपाट गठ्ठ्यातून एकेक पान उचलतात, चारी कोपरे लॉक करतात आणि बॉक्सचे मनोरे रचून ठेवतात. यासाठी डुप्लेक्स बोर्ड लागतो, एक बाजू पांढरी आणि छापलेली, दुसरी करडी. घेवर चपटं आणि ठिसूळ, त्यामुळे बॉक्स उथळ, रुंद. 1 जुलै 2022 पासून देशभर मिठाईच्या बॉक्सवर प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळायला बंदी आली. तोवर सैल झाकण फिल्मच्या आधारानं टिकून जायचं. आता ते काम लॉकवर किंवा दोऱ्यावर येऊन पडलं आहे.

असं असताना सगळी खोकी लॉकची का होत नाहीत? कारण हिशेब. त्याच मापाच्या वस्तूसाठी मेलर बॉक्सला 0201 पेक्षा जास्त पुठ्ठा लागतो, कारण भिंती दुहेरी. 0201 खाचा पाडणाऱ्या साध्या स्लॉटिंग यंत्रावर निघतं, मेलरला प्रत्येक मापाची वेगळी डाय. वीस किलो भांड्यांचं खोकं भरून वखारीत पाठवायचं असेल तर टेपच बरी. वस्तू हलकी, नाजूक, दिसायला सुबक आणि पुन्हा उघड-बंद होणारी असेल तर लॉक परवडतं. बंद करण्याचे कष्ट दोन्हीकडे आहेतच. टेपवाल्या खोक्यात ते दर खोक्यामागे पॅकिंगच्या टेबलावर पडतात. लॉकवाल्यात ते डिझायनरनं आणि डायमेकरनं एकदाच, आधी करून ठेवलेले असतात. आणि कोरुगेटेड पुठ्ठ्याचे पदर मुळात स्टार्चच्या खळीनं जोडलेले असतात, त्यामुळे अगदीच डिंकाविना असं हे खोकं नाही. फरक एवढाच की ती खळ रद्दीच्या लगद्यात विरघळून जाते. तपकिरी प्लॅस्टिक टेप मात्र गाळून वेगळी काढावी लागते.

महाराष्ट्रात हेच तंत्र शेतमालाच्या अंगानं ओळखीचं आहे. नाशिकची निर्यातीची द्राक्षं अर्ध्या किलोच्या डब्यांत भरून, असे नऊ डबे साडेचार किलोच्या पेटीत रचतात. पेटीच्या वरच्या कडेला आलेल्या जिभा वरच्या पेटीच्या तळातल्या खाचांत बसतात, म्हणून थंडगार, दमट कंटेनरमध्ये थर सरकत नाहीत. शेतमालाबाहेरही हे तंत्र दिसतं. 2014 च्या सुमारास नवी मुंबईच्या ‘आरंभ’ या संस्थेनं जमिनीवर वाकून लिहिणाऱ्या शाळकरी मुलांसाठी ‘हेल्प डेस्क’ तयार केलं. टाकून दिलेल्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर आकृती कापायची, दुमडायची की उतरतं डेस्क उभं राहतं. शाळा सुटल्यावर त्याचंच दप्तर. तेव्हाचा खर्च एका डेस्कमागे 10 रुपयांच्या आसपास.

जयपूरमध्ये 1995 पासून भारतीय शिल्प आणि डिझाइन संस्था आहे आणि मुंबईत 1966 पासून भारतीय पॅकेजिंग संस्था. त्यामुळे आकार शिकवणारे आणि ताकद तपासणारे दोघेही देशातच सापडतात. तरी लहान कारागिराचा रस्ता बहुधा बाजारातूनच जातो. त्याला दोनशे बॉक्स हवे असतात आणि नव्या डायचा खर्च दोनशे नगांवर बसत नाही. मग तो पुठ्ठेवाल्याकडे पडून असलेल्या तयार डायच्या मापांची यादी मागतो, आपल्या वस्तूच्या सर्वांत जवळचं माप निवडतो आणि पांढऱ्या पुठ्ठ्याचा एक नमुना कापून घेतो. त्यात बरणी ठेवून हलवतो, उलटा करतो, टेबलाच्या उंचीवरून पाडून पाहतो. जीभ निघाली तर जाडी बदलायला सांगतो. बरणीच चार मिलिमीटर उंच निघाली तर पुढच्या खेपेला तो बरणीची मान कमी करून घेतो.