नगरपरिवर्तन आणि 'खंड-तफावत'

नगरे का बदलतात, या प्रश्नाचे एक प्रसिद्ध उत्तर शिकागो येथील समाजशास्त्रज्ञांनी १९२५ च्या सुमारास दिले. वनस्पतींच्या अभ्यासातील 'आक्रमण' व 'अनुक्रमण' या संज्ञा त्यांनी नगरास लावल्या. त्यामुळे एका वस्तीच्या जागी दुसरी येणे ही जणू निसर्गक्रमाची गोष्ट ठरली. चिकित्सक नगरविचाराचा आक्षेप नेमका येथेच आहे.

भूगोलज्ञ नील स्मिथ यांनी १९७९ मध्ये मांडलेली उपपत्ती या दृष्टीने विचारार्ह आहे. जमिनीच्या उपयोगाबद्दल मिळणारा मोबदला म्हणजे खंड. चालू उपयोगात मिळणारा खंड आणि सर्वाधिक लाभदायक उपयोगात मिळू शकणारा खंड यांतील अंतरास आपण 'खंड-तफावत' म्हणू. ही तफावत पुरेशी रुंदावली की भांडवल त्या जागेकडे वळते, असे स्मिथ यांचे प्रतिपादन आहे.

मुंबईचे गिरणगाव हे याचे ठळक उदाहरण होय. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या. सुमारे ६०० एकर गिरणी-जमिनीचे मोल मात्र वाढतच राहिले. तफावत उघड होती. परंतु तिचा लाभ कोणास मिळावा, हे एकट्या बाजाराने ठरविले नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने अशा जमिनीचे स्थूलमानाने तीन वाटे केले : एक महापालिकेस सार्वजनिक जागांसाठी, दुसरा म्हाडास घरांसाठी व तिसरा मालकास. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी 'मोकळ्या' जमिनीपुरती मर्यादित केली. मग प्रश्न उरला तो अर्थनिर्णयाचा. इमारत पाडल्यावर रिकामी होणारी जमीन 'मोकळी' म्हणावयाची काय? मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये होकारार्थी उत्तर दिले. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो निर्णय फिरविला. उद्यानांच्या व घरांच्या वाट्यास किती भूमी यावी, हे अशा रीतीने एका विशेषणाच्या अर्थव्याप्तीवर अवलंबून राहिले.

तात्पर्य, तफावत कशी निर्माण होते हे स्मिथ यांची उपपत्ती सांगते. ती कोणाच्या पदरी पडते हे जाणण्यासाठी नियमांची भाषाच तपासावी लागते. 'गिरणगाव बदलले' हा अकर्मक प्रयोग व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. अभ्यासकाने मात्र तेथे न थांबता 'ते कोणी बदलविले?' असे विचारले पाहिजे.