बर्फ नाही, पण चिखल आहे

दर हिवाळ्यात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. महाराष्ट्राचं बर्फाशी असलेलं नातं बहुतेक तिथंच संपतं. भोर-वेल्ह्यात रस्त्यावर बर्फ साचून गाडी घसरल्याचं कुणी ऐकलेलं नाही. पण आषाढात भातलावणी सुरू झाली की पाबे घाटात, वरंध घाटाच्या वाटेवर किंवा वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चाकाखाली जे येतं, त्यावर गाडी आवरणं फारसं सोपं नसतं.

चिखलणी उरकून खाचरातून बाहेर पडलेला ट्रॅक्टर चाकांचा चिखल रस्त्यावर सांडत पुढच्या शेतात जातो. दरडीवरून उतरणारं पाणी माती घेऊन येतं आणि वळणाच्या आतल्या बाजूला पसरवतं. ज्या वळणांवर झाडी दाट आहे, ऊन पोचत नाही, तिथं डांबराच्या कडेनं शेवाळ धरतं. पहिल्या पावसात तर उन्हाळाभर सांडलेलं ऑइल, टायरची झीज आणि धूळ यांचं मिश्रण वर येतं. चार जोरदार सरी झाल्यावर ते धुऊन जातं. चिखल मात्र लावणी संपेपर्यंत रोज नव्यानं येत राहतो.

आकडे पाहिले की चित्र स्पष्ट होतं. ताशी ४० किलोमीटर वेगातली मोटार सपाट, कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून साधारण ९ मीटरमध्ये थांबते. तोच रस्ता ओला पण स्वच्छ असेल, तर १६ मीटर लागतात. दबून घट्ट झालेल्या हिमावर ३० आणि निव्वळ बर्फावर ६० मीटरच्या पुढे. ओल्या डांबरावर चिखलाचा पातळ थर असेल, तर हिशेब २० मीटरच्या आसपास जातो; त्यात घाटाचा उतार धरला की २८ मीटर. शिवाय धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंदभर जातो आणि तेवढ्यात गाडी ११ मीटर पुढं गेलेली असते. पुढचं वळण २० मीटरवर असेल, तर पुढं काय होणार हे वेगळं सांगायला नको.

पावसाळ्यात टायर घसरण्याचं म्हणून जे कारण नेहमी सांगितलं जातं, ते पाण्यावर तरंगण्याचं. टायरपुढं साचलेलं पाणी खाचांतून बाहेर पडायला वेळ मिळाला नाही, की चाक पाण्याच्या थरावर चढतं आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. अमेरिकेच्या नासा संस्थेत विमानांच्या चाकांवर झालेल्या प्रयोगांतून यासाठी एक ढोबळ सूत्र मिळालं. त्यानुसार ३२ हवा असलेलं चाक ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास तरंगू लागतं, तर २० हवा असलेलं ७५च्या आतच. टायरचा गोटा झाला असेल, तर त्याहूनही आधी. म्हणजे ही भीती पुणे-सातारा महामार्गावरची. पाबे घाटात ७५चा वेग गाठणारा चालक वेगळ्याच अडचणीत असतो.

पावसात हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते, हा सल्ला म्हणूनच चुकीचा. वाळूत किंवा खोल चिखलात रुतलेली गाडी काढताना तो उपयोगी पडतो. ओल्या डांबरावर कंपनीनं सांगितलेली हवाच ठेवायची.

टायर निवडताना पुण्याहून शनिवार-रविवारी येणाऱ्या हौशी मंडळींची एक गंमत होते. मोठ्या गाडीला ठळक बटणांचे टायर लावले की घाट जिंकला, असं त्यांना वाटतं. ती बटणं शेतात आणि कच्च्या रस्त्यावर खरोखर कामाची आहेत, कारण चाक फिरताना त्यांच्यामधला चिखल झटकला जातो. पण डांबरावर रबर टेकतं तेच मुळात कमी, आणि ओल्या डांबरावर हीच उणीव महागात पडते. भोर-वेल्ह्यातले पर्यटकांचे बहुतेक रस्ते डांबरी आहेत. तिथं साध्या नक्षीचा, खोल खाचांचा, ताज्या रबराचा टायर अधिक भरवशाचा.

कायद्यानं मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर आणि दुचाकीची ०.८ मिलिमीटर असायला हवी. मोटारीचा नवा टायर साधारण ८ मिलिमीटरचा असतो. खाचांच्या तळाशी जागोजागी रबराचे छोटे उंचवटे दिलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर बाद. पण घाटात पावसाळा काढायचा असेल, तर ३ मिलिमीटर उरले तेव्हाच बदललेला बरा. गुळगुळीत टायर कोरड्या रस्त्यावर छान धरतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये चालकाला काहीच जाणवत नाही. खाचांचं खरं काम पाऊस पडल्यावर सुरू होतं.

वयाकडे सहसा कुणी बघत नाही. टायरच्या बाजूवर एका कोड क्रमांकाच्या शेवटी चार अंक असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. शहरात बहुतेक वेळ उभी असलेली गाडी सहा-सात वर्षांनी बाहेर काढली, तर नक्षी शाबूत दिसते, पण रबर कडक झालेलं असतं.

युरोपातल्या हिवाळी टायरचं मर्मही याच कडकपणाशी जोडलेलं आहे. साधारण ७ अंश सेल्सिअसखाली नेहमीचं रबर ताठरतं. हिवाळी टायरचं मिश्रण थंडीतही मऊ राहतं आणि नक्षीवरच्या बारीक चिरा हिमाला धरतात. तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह ही त्याची खूण. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर असे टायर नसतील तर दंड होतो. मनालीला जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी मात्र त्यासाठी टायर विकत घेण्याचं कारण नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या अटल बोगद्याकडे बर्फ पडल्यावर जायचं, तर चाकांना साखळ्या लावलेली स्थानिक चालकाची गाडीच बरी.

दोनच टायर नवे घ्यायचे असतील, तर ते मागं लावावेत. पुढं इंजिन, पुढं स्टिअरिंग, म्हणून नवे पुढं, हा गॅरेजातला सर्रास रिवाज. पण पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी करून ती सावरता तरी येते. मागची घसरली, तर गाडी फिरते आणि सामान्य चालकाच्या हातात काही उरत नाही.

चाकाची पकड म्हणजे महिन्याचा ठरलेला पगार. ब्रेकवर खर्च केली की वळायला उरत नाही. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. वळणात फक्त स्टिअरिंग. जुने एसटीचालक आणि वडापवाले सांगतात तो नियमही याच जातीचा: ज्या गिअरमध्ये चढ चढलात, त्यातच उतरा. न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्याचे ब्रेक तापतात आणि गाडीवरचा ताबाही सैल होतो. एबीएस असेल, तर पायाखाली थरथर जाणवली तरी ब्रेक दाबून ठेवायचा. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे तर नियमातच आहे. पण ते आठवणारे चालक शनिवारी दुपारी क्वचितच भेटतात.

दुचाकीला चूक सुधारायची दुसरी संधी नसते. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, लोखंडी जाळ्या, ओला पालापाचोळा यांवर गाडी उभी, सरळ ठेवायची आणि ब्रेक आधीच आटोपायचा.

भोरहून वरंध घाटातून महाडकडे जाणारा रस्ता नीरा देवघरच्या जलाशयाच्या कडेकडेनं चढत वाघजाईच्या खिंडीकडे जातो. जुलै २०२३ मध्ये याच वाटेवर एक मोटार जलाशयात कोसळून तिघांचा जीव गेला. दरडींचा धोका वेगळाच, त्यावर कुठलाही टायर चालत नाही. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत घाटाखालच्या महाड तालुक्यातलं तळिये गाव दरडीखाली गेलं. पावसाळ्यात हा घाट वाहतुकीला बंद करण्याचे आदेश वरचेवर निघतात, आणि अवजड वाहनांवर बंदी अधिक काळ राहते. कोकणात उतरायचं असेल, तर भोर सोडण्याआधीच चौकशी करावी. घाट बंद असल्यास मुळशीकडून ताम्हिणी किंवा वाई-महाबळेश्वरमार्गे आंबेनळी घाट हे पर्याय आहेत. मात्र पाऊस तिथंही तेवढाच असतो, म्हणून निघण्यापूर्वी त्यांचीही खबर घेतलेली बरी.