दुचाकीचा स्टँड : दारात आणि गॅरेजात

दुचाकी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. बीड जिल्ह्यात गेवराईपासून परळीपर्यंत आपल्या लोकांचा बाजार, दवाखाना आणि मजुरी तिच्यावरच चालते. शिवाय आपली कितीतरी मुले दहावीनंतर गॅरेजात काम शिकायला जातात. गाडी जपून चालवा, असे सगळेच सांगतात. पण उभी गाडीही माणसाला जायबंदी करू शकते, याचा विचार फारसा होत नाही. म्हणून आम्ही आज स्टँडविषयी लिहीत आहोत.

साधी स्प्लेंडर सुमारे ११२ किलोची, तर बुलेट क्लासिक १९५ किलोच्या आसपास भरते. म्हणजे साईड स्टँडवर उभी गाडी हे धान्याच्या एक-दोन पोत्यांएवढे ओझे असते. त्याचा तोल बिघडला की ते अंगावर येते.

आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात हा स्टँड हळूहळू रुततो व गाडी डावीकडे कलंडते. त्याखाली सपाट दगड किंवा जाड फळी ठेवावी. उतारावर गाडीचे तोंड चढाकडे करावे आणि इंजिन बंद करून पहिला गिअर टाकावा. तोंड उताराकडे असेल तर गाडी पुढे सरकते आणि स्टँड आपोआप मिटतो. साईड स्टँडवरील गाडीवर बसून गप्पा मारू नयेत, त्याने स्टँड वाकतो. ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांनी विशेष लक्ष द्यावे. कोपीजवळ गाडी उभी असेल तर लेकरे तिच्यावर चढतात, हँडलला लोंबकळतात. गाडी लेकरांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर, घट्ट जमिनीवर लावावी.

निघताना साईड स्टँड वर घेतला का, हे पायाने चाचपून पाहावे. खाली राहिलेला स्टँड डाव्या वळणावर रस्त्याला टेकतो आणि गाडी आपटते. अनेक नव्या गाड्यांत स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडते; जुन्या गाड्यांत ही सोय नाही.

मेन स्टँड लावताना पाठीच्या जोराने गाडी उचलू नये. डावा हात हँडलवर, उजवा हात मागच्या पकडीवर ठेवावा. स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकल्यावर उजव्या पायावर अंगाचा भार द्यावा; गाडी आपोआप मागे चढते. दुधाचे कॅन लावताना दोन्ही बाजूंचे वजन सारखे ठेवावे.

आता गॅरेजातील मुलांसाठी. चाक उचलायला तेथे पाइपचे वेगळे स्टँड असतात. नियम एकच : आधी मागचा, मग पुढचा, उतरवताना आधी पुढचा, मग मागचा. मागचा नसताना पुढचा कधीही लावू नये, गाडी आडवी होते. जमीन सपाट व टणक हवी. एकाने गाडी सरळ धरावी, दुसऱ्याने मागच्या चिमट्याच्या दोन्ही बाजूंना स्टँड नीट बसला का ते पाहूनच दांडा दाबावा. पुढचा स्टँड लावताना हँडल सरळ ठेवावे. मात्र पुढचे शॉकअपच काढायचे असतील तर त्यांच्याखाली आधार देणारा स्टँड चालत नाही. हँडलच्या मुळाशी आधार देणारा लागतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरवत चेन कधीही पुसू नये. चिंधी चेनमध्ये ओढली जाते, तिच्यामागे बोटे जातात. इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये, चाक हाताने थोडे फिरवावे, थांबवावे आणि मगच पुसावे.

गॅरेजमालकांना आमची विनंती आहे की नव्या पोराला पान्यांचे नंबर शिकवण्याआधी हे शिकवावे. आणि पालकांनीही मुलगा घरी आल्यावर आज किती मिळाले एवढेच न विचारता, काम कसे करतोस, हेही विचारावे. हातावर पोट असलेल्या घरात दहा बोटे हीच इस्टेट असते.