शहराचा गाडा (लेखांक ६) : रतनजोतीपासून ओल्या कचऱ्यापर्यंत

गेल्या आठवड्यात आपण कचऱ्याचा प्रवास पाहिला. घराच्या दारातून तो छोट्या टिपरमध्ये जातो, तिथून मोठ्या गाडीत आणि शेवटी प्रक्रिया केंद्रावर. आज त्या गाड्यांच्या टाकीत डोकावू. उदाहरण छत्तीसगढच्या राजधानीचं, रायपूरचं घेऊ, कारण पर्यायी इंधनाचं स्वप्न या शहरानं लवकर पाहिलं आणि मोठ्या आवाजात पाहिलं.

छत्तीसगढ जैवइंधन विकास प्राधिकरण २००५ मध्ये स्थापन झालं. मुख्यमंत्री रमणसिंह यांची गाडी बायोडिझेलवर धावू लागली. आखातातलं डिझेल विसरा, आता ते आपल्या वाडीतूनच मिळेल, अशा आशयाची घोषणा घुमली. २००६ मध्ये राज्याच्या तेव्हाच्या सोळा जिल्ह्यांत मिळून १६ कोटी रोपं लावायची आणि २०१५ पर्यंत इंधनात स्वयंपूर्ण व्हायचं, असा बेत ठरला. रोप होतं रतनजोतीचं, म्हणजे आपल्या मोगली एरंडाचं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून शेतकरी ते कुंपणाला लावत आले आहेत.

रसायनाची बाजू सोपी होती. बियांत तीस-पस्तीस टक्के तेल असतं. त्यात मिथेनॉल आणि उत्प्रेरक घातला की ग्लिसरीन वेगळं होतं आणि बायोडिझेल उरतं. घोडं अडलं ते शेतात. पडीक जमिनीत पाण्याविना हे झाड तगतं, पण तगणं वेगळं आणि भरघोस बी धरणं वेगळं. पेंड विषारी, त्यामुळे ती गुरांना घालून चार पैसे सोडवण्याचीही सोय नाही. केंद्र सरकारनं १ जानेवारी २००६ पासून बायोडिझेलला लिटरमागे २५ रुपये खरेदीदर ठेवला. त्या दरात बी वेचणाऱ्यापासून कारखानदारापर्यंत सगळ्यांचं भागणं कठीण होतं. छत्तीसगढच्या बियांच्या तेलापासून केलेलं इंधन मिसळून २७ ऑगस्ट २०१८ रोजी डेहराडूनहून दिल्लीला एक विमान उडालं, हे खरं. पण एक उड्डाण साधणं निराळं आणि शहराच्या गाड्यांना बारा महिने तेराकाळ इंधन पुरवणं निराळं. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

शेजारच्या नागपूरनं दुसरा धडा दिला. तिथे २०१४ मध्ये इथेनॉलवरची बस चाचणीसाठी आली आणि पुढे तशा बसगाड्यांचा छोटा ताफाही रस्त्यावर उतरला. इंजिन चालत होतं, प्रवासी खूश होते. तरीही कंपनी आणि महापालिका यांच्यातल्या कराराच्या आणि देण्याघेण्याच्या वादात २०१८ मध्ये ती सेवा बंद पडली. पर्यायी इंधन यंत्रामुळे क्वचितच फसतं. ते पुरवठ्यात आणि करारात अडकतं.

म्हणून नव्या इंधनाची चर्चा करण्याआधी जुन्याचा हिशेब नीट लावायला हवा. महापालिकेच्या गाड्यांना मोटारीसारखं ‘लिटरला किती किलोमीटर’ हे माप लावून चालत नाही. कचरा दाबणारी गाडी उभ्या उभ्या डिझेल जाळते, कारण दाबयंत्र तिच्याच इंजिनावर चालतं. जेसीबीचं काम तासांवर मोजतात. गटार उपसणारी गाडी दिवसभरात जेमतेम काही किलोमीटर जाते. कचरागाडीसाठी ‘टनाला किती लिटर’ आणि जेसीबीसाठी ‘तासाला किती लिटर’ हीच खरी मापं. गाडीला रोज ठरावीक लिटर देण्याची पद्धत सर्वांत घातक. वाचवलेलं डिझेल कुणाच्याच खात्यावर दिसत नाही आणि लॉगबुक नंतर, लिटरवरून किलोमीटर काढून भरण्याचा मोह होतो. टाकी काठोकाठ भरायची, काम झालं की पुन्हा काठोकाठ भरायची आणि मधला फरक जीपीएसच्या नोंदीशी ताडून पाहायचा. एवढं केलं तरी डिझेल कुठे मुरतं ते कळू लागतं.

हा हिशेब आता टाळताही येणार नाही. १५ वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होते आणि महापालिकांच्या गाड्याही त्यात येतात. जुनी गाडी जाणार म्हणजे नवी घ्यावी लागणार. ती कोणत्या इंधनावरची असावी, हे तिच्या कामानं ठरवावं.

गल्लीतला टिपर ठरलेल्या वाटेनं फिरतो, दर दहा पावलांवर थांबतो आणि रात्री आगारात उभा असतो. विजेवर चालण्यासाठी याहून सोयीचं काम नाही, कारण थांबल्यावर मोटार बॅटरी संपवत नाही आणि ब्रेक लावताना थोडी वीज परत मिळते. लांबवर जड ओझं नेणाऱ्या गाड्यांना सीएनजी बरा. अग्निशमन बंबाचं गणित याच्या उलट. तो बराच काळ उभा असतो. बायोडिझेल ओलावा धरतं आणि साठवणीत खराब होतं. त्यामुळे पर्यावरणाची कितीही कळकळ असली, तरी बंबाच्या टाकीत महिनोन्‌महिने बायोडिझेल साठवू नये.

विजेबाबत रायपूरला एक अडचण मान्य करावी लागेल. पीएम ई-बस सेवा योजनेत शहराला १०० बस मंजूर आहेत. डिझेल बस लिटरला साडेतीन किलोमीटर धरली, तर किलोमीटरमागे साधारण पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. विजेच्या बसला किलोमीटरला एक-सव्वा युनिट लागतं आणि छत्तीसगढची वीज मुख्यतः कोरब्याच्या कोळशावरची. कार्बनच्या वहीत फायदा जवळजवळ शून्य, कदाचित थोडा तोटाच. फायदा आहे तो रस्त्यावर. उरला आणि सिलतरा इथल्या कारखान्यांच्या धुरानं आधीच बेजार झालेल्या शहरात, बसथांब्यावर उभ्या माणसाच्या नाकाशी येणारा धूर थांबतो. तेवढं कारण पुरेसं आहे. मात्र ‘प्रदूषणमुक्त’ हा शब्द बसवर रंगवताना थोडा संकोच असावा.

पुरवठ्याच्या कसोटीवर सर्वांत भरवशाचा माल पालिकेच्या स्वतःच्या गाड्या रोज सकाळी गोळा करतात. इंदूरमधला प्रकल्प १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झाला. त्याची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्यातून सुमारे १७,००० किलो बायो-सीएनजी काढण्याची आहे आणि तो गॅस शहराच्या बसगाड्यांनाही मिळतो. टनाला तीस किलो धरले, तर १०० टनांतून ३,००० किलो. एक किलो गॅस एका लिटर डिझेलहून अधिक ऊर्जा देतो. म्हणजे कचरा वाहणाऱ्या मोठ्या ताफ्याची भूक त्याच कचऱ्यातून भागू शकते. भारत पेट्रोलियमच्या सहकार्यानं असा प्रकल्प रायपूरसाठीही ठरला आहे.

रतनजोतीला पाऊस, जमीन आणि दर लागत होता. इथे फक्त ओला आणि सुका कचरा वेगळा येण्याची गरज आहे. इंदूरचं यश यंत्रापेक्षा या सवयीचं आहे. पाचक टाकीत प्लास्टिक आणि काचा गेल्या की जिवाणू उपाशी राहतात आणि गॅस घटतो. त्यामुळे रायपूरनं प्रकल्पाच्या उद्घाटनाची तारीख ठरवण्याआधी प्रत्येक प्रभागातून येणाऱ्या ओल्या कचऱ्यात भेसळ किती, हे मोजून जाहीर करावं. ज्या प्रभागाचा आकडा चांगला, त्याच्या टिपरपासून नव्या इंधनाची सुरुवात करावी.

पुढील आठवड्यात : चार्जिंगसाठी आगारात जागा, जोडणी आणि वीजदर यांचा हिशेब.